आपले वाचक कोठे असतात?

शाळेच्या व्हरांड्यात नवी भित्तिपत्रिका लागते, तेव्हा पहिल्या दिवशी तिच्यापुढे गर्दी होते. दुसऱ्या दिवशी ज्यांचे लेखन त्यात आहे ती मुले तेवढी पुन्हा येतात. आठवड्याने कागदाचा एक कोपरा सुटून फडफडू लागतो, आणि तो चिकटवण्याइतकेही कोणाचे तिकडे लक्ष राहत नाही. महिनाभर खपून केलेल्या कामाची ही गत पाहून शिक्षकही खट्टू होतात. पुढचा अंक निघतो, त्याच्या पुढचा निघत नाही.

यावर उपाय म्हणून अक्षर मोठे काढतात, रंगीत खडू वापरतात, मधोमध चित्र देतात. हे सारे करावेच. पण त्याचा उपयोग जो त्या व्हरांड्यातून जातो त्याच्यापुरताच. जो तिकडे कधी फिरकतच नाही, त्याला रंगीत खडू दिसणार कसा? चांगल्या लेखनाकडे वाचक आपोआप येतो, असे आपण समजतो. वस्तुतः वाचक वाटेवाटेने येतो, आणि ती वाट बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी पानावरून जाते. म्हणून ज्याला आपले वाचक वाढवायचे आहेत त्याने प्रथम इतरांचे लेखन वाचून त्यावर काही मोलाचे लिहावे, हा या लेखाचा विषय आहे. हा शिष्टाचाराचा सल्ला वाटेल. पण त्यामागे साधे, फळ्यावर मांडता येण्यासारखे गणित आहे. ते गणित पाहण्यापूर्वी एक जुने उदाहरण घेऊ.

१९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांच्या पुढाकाराने आपल्याकडील गणितप्रेमींचे एक मंडळ स्थापन झाले. तेच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याचे ग्रंथालय पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात होते. मंडळाच्या नियतकालिकात एक सदर असे: कोणी प्रश्न विचारायचा, इतरांनी त्याची उत्तरे पाठवायची. १९११ मध्ये या सदरात मद्रास इलाख्यातील एका पदवी नसलेल्या तरुणाचा प्रश्न आला. पुढील राशीची किंमत काढा:

√(१ + २√(१ + ३√(१ + ४√(१ + …))))

सहा महिन्यांत एकही उत्तर आले नाही. शेवटी प्रश्नकर्त्यानेच ते दिले. उत्तर ३. वर्गात ते असे दाखवता येईल: ३ म्हणजे √(१ + २×४), त्यातील ४ म्हणजे √(१ + ३×५), त्यातील ५ म्हणजे √(१ + ४×६), आणि असेच पुढे. हा तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन. या नियतकालिकाला त्यांनी पन्नासांहून अधिक प्रश्न पाठवले. त्यांच्या वह्या त्यापूर्वीच सूत्रांनी भरल्या होत्या, पण त्या वह्यांना वाचक नव्हता. भारतातील गणितज्ञांना रामानुजन हे नाव परिचयाचे होण्यात या प्रश्नोत्तरांच्या पानाचा वाटा मोठा आहे.

पुढची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. १९१३ च्या जानेवारीत रामानुजन यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले, हे आपण मुलांना सांगतो. पण त्या पत्राचे निमित्त काय होते, हे सहसा सांगितले जात नाही. हार्डी यांच्या एका छोट्या पुस्तकाच्या ३६ व्या पानावर असे विधान होते की, दिलेल्या संख्येपेक्षा लहान अशा मूळ संख्या किती, हे सांगणारे निश्चित सूत्र अद्याप सापडलेले नाही. रामानुजन यांनी त्या विधानावर बोट ठेवले आणि खऱ्या संख्येच्या अगदी जवळ जाणारे सूत्र आपल्याला सापडले आहे असे कळवून सोबत आपल्या निष्कर्षांची पानेच्या पाने जोडली. म्हणजे आधुनिक गणिताच्या इतिहासातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध असे हे पत्र मुळात दुसऱ्याच्या पुस्तकातील एका ओळीवर दिलेला अभिप्राय होता! त्यापूर्वी केंब्रिजच्याच आणखी दोन नामवंतांना त्यांनी लिहिले होते असे चरित्रकार सांगतात. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. हार्डींना मात्र पत्र उघडताक्षणी आपलेच पान, आपलेच वाक्य समोर दिसले. गंमत अशी, की मूळ संख्यांबद्दलचे रामानुजन यांचे ते म्हणणे पुढे चुकीचे ठरले. पण तोपर्यंत हार्डींनी जोडलेली पाने वाचली होती.

रामानुजन असामान्य होते, त्यांची गोष्ट आपल्याला कशी लागू पडणार, असे कोणी म्हणेल. म्हणून आता गणिताकडे वळू, आणि त्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुक्यात जाऊ. येथे दोन गावांमध्ये बरेच ठिकाणी सागाचे, मोहाचे, तेंदूचे जंगल आहे आणि पावसाळ्यात नाले वाट अडवतात. एका शाळेत काय चालले आहे ते दुसरीला कळायचे म्हणजे केंद्राची शिक्षण परिषद, आठवडी बाजार किंवा फोनवर पाठवलेले छायाचित्र, एवढीच साधने.

समजा, या तालुक्यातील पाच गावांतील शाळा भित्तिपत्रिका काढतात: मुलचेरा, लगाम, गोमणी, सुंदरनगर आणि विवेकानंदपूर. (हा देखावा केवळ उदाहरणासाठी मांडला आहे.) ज्या दोन शाळा एकमेकींची पत्रिका वाचतात त्यांच्यामध्ये एक रेघ ओढू. मुलचेऱ्याची रेघ इतर चारही शाळांशी जाते, कारण ते तालुक्याचे ठिकाण. याशिवाय लगाम आणि गोमणी यांच्यामध्ये एक रेघ आहे. बस्स. आता प्रत्येक शाळेच्या वाचक-शाळा मोजा: मुलचेरा ४, लगाम २, गोमणी २, सुंदरनगर १, विवेकानंदपूर १. बेरीज १०, म्हणजे सरासरी २.

आता प्रश्न थोडा बदलू. प्रत्येक शाळेने आपल्याबद्दल न सांगता, आपल्याशी जोडलेल्या शाळांना सरासरी किती वाचक-शाळा आहेत ते सांगायचे. सुंदरनगर म्हणेल ४, विवेकानंदपूरही ४. लगामच्या दोन शेजारणींपैकी मुलचेऱ्याला ४ आणि गोमणीला २, म्हणून सरासरी ३. गोमणीचीही ३. फक्त मुलचेऱ्याच्या चार शेजारणींची सरासरी दीड येते. या पाच आकड्यांची सरासरी काढा: ३.१! आपली सरासरी २, आणि आपल्या शेजारणींची ३.१. पाचांपैकी चार शाळांना, आपल्या सोबतिणींना आपल्यापेक्षा जास्त वाचक आहेत असे आढळते. आणि ते खरेच असते, मत्सरापोटी वाटलेले नसते.

असे का होते? ज्या शाळेला पुष्कळ रेघा आहेत ती पुष्कळ जणींच्या यादीत येते. जिला एकच रेघ आहे ती एकाच यादीत येते. म्हणून शेजारणींची मोजणी करताना जास्त जोडलेली शाळा वारंवार मोजली जाते. स्कॉट फेल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये ही गोष्ट मैत्रीच्या संदर्भात मांडली: आपल्या मित्रांना सरासरीने आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात. सर्वांना नेमके सारखेच मित्र असतील तरच हा नियम लागू पडत नाही.

या चमत्कारिक सत्याचा उपयोगही आहे. लस थोडी आणि माणसे फार असतील तर ती कोणाला टोचावी? कोहेन, हावलिन आणि बेन-अव्राहम या तिघा संशोधकांनी २००३ मध्ये असा मार्ग सुचवला, की कोणाही माणसाला गाठून त्याच्या एका परिचिताचे नाव विचारावे आणि लस त्या परिचिताला टोचावी. तो परिचित जास्त लोकांत वावरणारा असण्याचा संभव अधिक. गावाचा नकाशा काढण्याची, खानेसुमारी करण्याची गरजच नाही. २००९ च्या फ्लूच्या साथीत क्रिस्टाकिस आणि फाउलर यांनी हार्वर्डमधील विद्यार्थ्यांचे दोन गट पाहिले. एक यदृच्छेने निवडलेला, दुसरा पहिल्या गटाने ज्यांना आपले मित्र म्हणून सांगितले त्यांचा. मित्रांच्या गटात साथ सुमारे दोन आठवडे आधी आली.

साथीच्या जागी वाचन ठेवा. एखाद्या पानावर जाऊन आपण टिपण लिहितो, तेव्हा ते पान कोणते असते? ते कोणाकडून तरी ऐकलेले, कोणी तरी दाखवलेले असते. म्हणजे रेघेच्या दुसऱ्या टोकाचे असते. तेव्हा ते आपल्या पानापेक्षा जास्त वाचले जात असण्याचा संभव मोठा. सुंदरनगरच्या भिंतीवर लिहिलेली ओळ एका शाळेपर्यंत जाते. तीच ओळ मुलचेऱ्याच्या पानावर गेली तर आणखी तीन शाळांच्या डोळ्यांखालून जाते.

येथे एक धोका आहे, आणि तो न सांगता पुढे जाणे बरे नव्हे. हे गणित कळल्यावर सगळेच मोठ्या पानाकडे धावतील. समजा, एका पत्रिकेचे २०० वाचक आहेत आणि तिच्याखाली १०० टिपणे आली आहेत. प्रत्येक वाचक कंटाळण्यापूर्वी दोन टिपणे वाचतो असे धरू. एकूण वाचने ४००, म्हणजे एका टिपणाच्या वाट्याला सरासरी ४. दुसऱ्या पत्रिकेचे ४० च वाचक आहेत, पण टिपणे तीनच. तेथे एकूण वाचने ८०, म्हणजे प्रत्येकी जवळजवळ २७. तेव्हा वाचकसंख्या पाहून भुलू नये. वाचक आणि टिपणे यांचे गुणोत्तर पाहावे. माझे मत विचाराल तर, मधल्या आकाराची आणि मन लावून चालवलेली पत्रिका निवडावी. तिच्या संपादकालाही आपल्या टिपणाचे अप्रूप असते, आणि तो उत्तर देतो.

आणखी एक गोष्ट रेघांच्या मोजणीत दिसत नाही: रेघ कोणाला जोडते. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारले होते की ज्याच्याकडून खबर कळली त्याची तुमची भेट कितीदा होत असे. ‘नेहमी’ म्हणणारे सुमारे १७ टक्के निघाले, ‘अधूनमधून’ ५६ टक्के आणि ‘क्वचित’ २८ टक्के. जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही आधीच ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते. वाचकांचेही तसेच आहे. आपल्याच वर्तुळातील पानावर लिहिले, तर जे आपल्याला वाचतात तेच पुन्हा वाचतात.

मुलचेरा तालुक्याची या बाबतीत फार मोठी सोय आहे, जिच्याकडे अडचण म्हणूनच पाहिले जाते. येथे मराठीबरोबर गोंडी आणि माडिया बोलणारी मुले आहेत; पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत; दक्षिणेकडे अहेरी-सिरोंच्याच्या बाजूला तेलुगू कानावर पडते. समजा, एका शाळेच्या पत्रिकेत पहिल्या पावसात नाल्यात आलेल्या माशांविषयी लिहिले आहे, आणि त्यात मरळ या माशाचा उल्लेख आहे. बंगाली वस्तीतील एका मुलीने ते वाचून असे टिपण पाठवले: ‘आमच्या घरी या माशाला शोल म्हणतात. त्याची लालसर पिले एकत्र थव्याने फिरतात आणि आईबाप जवळपास राहून राखण करतात. आमच्या तळ्यात असा थवा मी दोनदा पाहिला. तुमच्या नाल्यातही दिसतो का? माडियात या माशाला काय म्हणतात?’ मरळ पिलांची राखण करतो हे प्राणिशास्त्राला ठाऊक आहे. पण त्या शाळेतील मुलांना ते पाहण्याची बुद्धी या टिपणाने होईल. पाच ओळींच्या या टिपणात एक नवे नाव आहे, एक निरीक्षण आहे आणि दोन प्रश्न आहेत. प्रश्नाला उत्तर द्यायचे म्हणजे कोणी तरी नाल्यावर जाणार, कोणी तरी आजीला विचारणार. आणि मग ही मुलगी आपल्या शाळेत काय लिहिते, हे पाहण्याची इच्छा त्यांना होणारच.

याउलट दुसरे टिपण पाहा: ‘फारच सुंदर उपक्रम. अभिनंदन! आमचीही भित्तिपत्रिका अवश्य पाहावी.’ अशा टिपणांचा पाऊस कोठेही पडतो, आणि तो जमिनीत मुरत नाही. यात लेखकाने मूळ मजकूर वाचला याचा पुरावाच नाही. हेच वाक्य कोणत्याही पानाखाली चिकटवता येते, म्हणून ते कोणाचेच नसते. माझ्या स्वतःच्या अनुभवाचे सांगायचे तर, माझ्या पहिल्या शोधनिबंधाला जेवढी पत्रे आली नाहीत तेवढी दुसऱ्याच्या निबंधातील एका आलेखावर पाठवलेल्या अर्ध्या पानाच्या टिपणाला आली. त्या टिपणात माझे नाव सोडून माझ्याविषयी अक्षरही नव्हते. एक मोजमाप तेवढे होते.

निसर्गनिरीक्षणाच्या क्षेत्रात अशा टिपणांची जुनी आणि भक्कम परंपरा मुंबईतच आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली, आणि १८८६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. त्यात मोठ्या निबंधांच्या मागे ‘संकीर्ण टिपणे’ असा एक भाग असतो. वनाधिकारी, मळेवाले, लष्करी अधिकारी, हौशी पक्षिनिरीक्षक असे नाना तऱ्हेचे लोक त्यात लिहीत आले. कित्येक टिपणे आधीच्या अंकातील एखाद्या निरीक्षणाला दुजोरा देणारी किंवा त्यावर शंका घेणारी असत. अमुक तारीख, अमुक ठिकाण, अमुक पाहिले, एवढाच ऐवज. पण एकटाच एखाद्या दूरच्या ठाण्यावर राहणारा माणूस अशा टिपणांमुळे जाणकारांच्या ओळखीचा होई, आणि पुढे त्याने मोठे काही लिहिले तर ते वाचायला लोक आधीपासून तयार असत.

शिक्षकांच्या दृष्टीने दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे उदाहरण अधिक जवळचे. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत त्यांनी १९३० ते १९६२ शिकवले. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आणि आलेल्या उत्तरावर तेच करत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७; मग ८७३० − ०३७८ = ८३५२; मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ही संख्या येतेच. कापरेकरांनी आपल्या अनेक पुस्तिका देवळालीहून स्वतः छापल्या. अशा पुस्तिका पोचून पोचून कोठवर पोचणार? पण न्यूयॉर्कच्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’सारख्या नियतकालिकांच्या पानांवर ते लिहीत राहिले, पदरमोड करून गणित परिषदांना जात राहिले, आणि १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्या कामाविषयी लिहिले. त्या एका सदराने देवळालीच्या या निवृत्त शिक्षकाला जगभर वाचक मिळवून दिले. हे काही कोणाच्या लेखाला दिलेले उत्तर नव्हते, हे खरे. परंतु रेघा वाढत गेल्या नसत्या तर इतक्या मोठ्या पानापर्यंत देवळालीचे नाव जाणे कठीण होते.

आपल्याला हे वर्गात करून पाहता येईल. ४० मुलांच्या वर्गात प्रत्येकाने वर्गातील ज्या मुलांशी आपण रोज बोलतो त्यांची नावे चिठ्ठीवर लिहावीत. दोघांनीही एकमेकांची नावे लिहिली असतील तेवढीच जोडी धरावी. प्रथम सर्वांची सरासरी काढावी, नंतर प्रत्येकाच्या मित्रांची. दुसरा आकडा मोठा येईल. मात्र कोणाला किती मित्र हे मोठ्याने वाचून दाखवू नये. एखाद्याच्या चिठ्ठीवर शून्य असते, आणि ते वर्गापुढे यायला नको. शून्यवाल्याला मित्रांची सरासरी काढताना अर्थातच वगळावे लागते. त्याच्याशी मात्र शिक्षकाने सवडीने बोलावे.

भित्तिपत्रिकेसाठी करायचे ते एवढेच. शिक्षण परिषदेला जाताना प्रत्येक शिक्षकाने आपल्या पत्रिकेचे छायाचित्र किंवा हाताने केलेली नक्कल नेऊन दुसऱ्या शाळेला द्यावी आणि तिची आपण घ्यावी. परतल्यावर मुलांनी ती वाचून तिच्यातील एका मजकुरावर एक टिपण लिहावे. त्यात तारीख, ठिकाण, आपण स्वतः पाहिलेली किंवा मोजलेली एक गोष्ट आणि एक प्रश्न असावा. खाली शाळेचे नाव पुरे, पत्रिकेची जाहिरात नको. महिन्याला दोन टिपणे झाली तरी वर्षाकाठी वीस होतात. ज्यांना ती मिळतील त्यांतील काही जण उलट लिहितील, म्हणून आपल्या पत्रिकेचा खालचा एकतृतीयांश भाग कोरा ठेवावा. इतर शाळांकडून आलेली टिपणे तेथे, ज्या दिवशी मिळाली ती तारीख घालून, लावावीत. ही कोरी पट्टी खालीच असू द्यावी आणि तिच्याशेजारी दोऱ्याने एक पेन्सिल बांधून ठेवावी. दोरा जरा लांब ठेवावा, म्हणजे पहिली-दुसरीतल्या मुलांचाही हात पोचतो.